कारण सापडेपर्यंत

डॉ. सुगुणाबाई राव यांची माझी पहिली भेट चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका रुग्णालयातील यकृत-कर्करोग विभागात झाली. मी नाशिकहून नुकताच शिकायला आलो होतो. तमिळचे अक्षरही येत नव्हते. वॉर्डातली फेरी संपल्यावर बाईंनी मला थांबवून विचारले, "सापाड जालें का?" सापाड म्हणजे जेवण. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या घराण्याची ती मराठी ऐकून मी गोंधळलो. बाई खळखळून हसल्या आणि त्यांच्या डब्यातला निम्मा लिंबूभात माझ्या वाट्याला आला.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या संशोधनावर सहकारी अधिकाराने लिहितीलच. मी एका रुग्णाविषयी सांगतो.

मुरुगेशन गिंडीतल्या छोट्या कारखान्यात लेथ चालवत. त्यांच्या यकृतातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला भिडलेली, म्हणून शस्त्रक्रिया अशक्य. बाईंनी इम्युनोथेरपी ठरवली. मुरुगेशनांच्या पत्नी सेल्वी यांना त्यांनी तमिळमधून समजावले आणि मग मला मराठीत सांगितले, "शरीरातले शिपाई धडधाकट आहेत, पण गाठीने त्यांना गप्प बसवलंय. हे औषध त्यांना पुन्हा कामाला लावतं. मात्र कधी कधी ते आपल्याच घरावर चालून येतात."

काही आठवड्यांत मुरुगेशनांचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. गाठ वाढली, यकृताने हात टेकले, असे आम्हा बहुतेकांचे मत पडले. सेल्वी म्हणाल्या, "अम्मा, यांना तांबरमला घरी नेते. निदान आपल्या माणसांत राहतील."

"न्या. पण हे कशानं झालं ते आधी मला शोधू द्या," बाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "कावीळ गाठीचीच, हे कुणी पाहिलंय? कारण सापडेपर्यंत मी हात वर करणार नाही."

पित्तमार्ग मोकळा निघाला, विषाणूही सापडला नाही. सुईने यकृताचा तुकडा काढण्यात रक्तस्रावाचा धोका होता. बाईंनी तो सेल्वींपासून लपवला नाही. सेल्वींनी होकार दिला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर मिळाले. शिपाई निरोगी यकृतावरच तुटून पडले होते. बाईंनी औषध तत्काळ थांबवून शिपायांना आवरणारे स्टिरॉइड सुरू केले. डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला. औषध थांबल्याने गाठ पुन्हा उचल खाईल ही धास्ती होतीच. पण शिपायांनी तोवर गाठीवरही आपले काम केले होते; पुढच्या स्कॅनमध्ये ती आकसलेली आणि रक्तवाहिनीपासून सुटलेली दिसली. शल्यचिकित्सकांनी ती काढली. मुरुगेशन आज पुन्हा लेथवर उभे आहेत.

सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही. एका शिक्षिकेवर कोणतेच औषध लागू पडले नाही. ते त्यांना सांगायला बाई स्वतः गेल्या आणि पुढेही रोज त्यांच्या खाटेशी बसत राहिल्या. मी कारण विचारले. "औषध हरलं म्हणून डॉक्टरनं तोंड फिरवायचं नसतं," इतकेच त्या म्हणाल्या. त्यानंतर ज्यांच्यावर इम्युनोथेरपी चालत नाही, अशा रुग्णांचाच अभ्यास त्यांनी हाती घेतला. निवृत्त होऊनही त्यासाठी त्या विभागात येतात. गुडघे कुरकुरतात, पण लिफ्टची वाट पाहण्याचा धीर त्यांना आजही नाही.

बाई, तो अभ्यास अपुरा आहे आणि तो अर्ध्यावर सोडणे आपल्या स्वभावात नाही. तो तडीस नेण्याइतके उदंड आयुष्य आणि त्याला पुरून उरेल असे आरोग्य आपल्याला लाभो. आम्ही सोबत आहोतच. आपण आम्हाला कामाला लावा.