दोन वसंत उशिरा मोठी झालेली आल्विल्दा

“पोरगी चौदाची झाली, इंगेर! तिच्या वर्गातल्या साऱ्या जणी या वसंतात चर्चमध्ये पाळकापुढे उभ्या राहणार, आणि ही? ही बाहुली घेऊन कॅमेऱ्यापुढे रडत बसणार?”

“बसू दे. तुझी ट्राम बघायला कुणी तिकीट काढतं का?”

हे भांडण मी पडद्याआडून, तोंडात टाचण्या धरून ऐकलं. वाल्बीच्या सिनेमा स्टुडिओत मी कपडे शिवायची. भांडत होते ट्राम चालवणारा आक्सेल आणि त्याची बायको इंगेर, आमच्या आल्विल्दाचे आईबाप. ती सहाव्या वर्षापासून सिनेमात होती. तिची ‘छोटी बिट्टे’ ही अनाथ पोर अख्ख्या डेन्मार्कला ठाऊक. लोक तिच्यासाठी डोळे पुसायचे आणि घरी जाऊन स्वतःच्या पोरांवर खेकसायचे.

आमच्यात चौदाव्या वर्षी चर्चमध्ये पाळकापुढे श्रद्धेची कबुली द्यायची, म्हणजे दृढीकरण; ते झालं की मूल मोठं झालं. त्या दिवशी पांढरा झगा, दुपारी जेवणावळ, आणि दुसऱ्या दिवसापासून केस वर बांधायचे. हे लोकांना कळलं असतं तर छोटी बिट्टे तिथेच संपली असती. म्हणून इंगेरने पाळकांना सांगितलं, पोर अशक्त आहे, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षीही तेच सांगितलं.

छाती बांधायचं काम माझ्याकडे होतं. सुती पट्ट्या आवळायच्या, वरून लहान मुलीचा झगा घालायचा.

“बाई, जरा सैल करा ना,” ती एकदा म्हणाली. “मला मोठ्या बाईचं काम कधी मिळणार? एकदा तरी सिनेमात कुणाची बायको व्हायचंय मला.”

“आधी पाळकांपुढे उभी राहा, मग नवरा बघू,” मी म्हटलं आणि पट्टी आणखी ओढली. बोलले ते थट्टेत. ओढली ती मात्र इंगेर दारात उभी होती म्हणून.

सोळाव्या वर्षी एकदाचं दृढीकरण झालं. चौदाच्या पोरींच्या रांगेत ही हातभर उंच. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “अगं बाई, बिट्टे दोनदा नापास झाली वाटतं!” अर्धं चर्च हसलं. फोटो वर्तमानपत्रात आला आणि लहान पोरीची कामं बंद झाली. मोठ्या बाईची कामं मागायला गेली, तर मालक म्हणाले, “ही नवऱ्याच्या गळ्यात पडली तर लोकांना वाटेल, पोरीला झोप आली.”

मग ती पावाच्या दुकानात लागली. लग्न केलं नाही. दुकान सोमवारी बंद असायचं, तर दर सोमवारी हॅट घालून ती स्टुडिओच्या फाटकावर जायची. चाळीसहून जास्त वर्षं गेली. फाटकावरची माणसं बदलली, उत्तर तेच राहिलं. “आज काही नाही, बिट्टे.”

म्हातारपणी आम्ही एकाच जिन्यावर राहायला आलो. एकदा मनाचा हिय्या करून मी म्हटलं, “पट्ट्या मी बांधल्या गं. मला माफ कर.”

“तुम्ही नसत्या बांधल्या तर आईने बांधल्या असत्या,” ती कॉफी ओतत म्हणाली. “तिला तर धड गाठही मारता येत नव्हती.”

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

ती गेली एका बुधवारी, त्रेसष्टाव्या वर्षी. डॉक्टरांनी जिना उतरायची मनाई केली होती. तरी त्याआधीच्या सोमवारी हॅट घालून दारात उभी. मी दंडाला धरून सोबत गेले. वाटेत तीनदा थांबलो. फाटकावर एक नवी मुलगी बसली होती, कोवळी. बिट्टे वगैरे तिच्या गावीही नव्हतं.

“नाव?”

“आल्विल्दा.”

“कसलं काम हवंय?”

“मोठ्या बाईचं.”

मुलीने वही चाळली, अगदी मनापासून चाळली. “नवराबायकोचा सिनेमा आहे, पण बायको तिशीतली हवी. तुमच्याजोगं काही नाही, आजी.”

आल्विल्दाने मान डोलावली, हातमोजे चढवले. “बरं. सोमवारी येते,” म्हणाली, आणि आम्ही घरी आलो.