बादलीभर पाणी आणि वैजनाथचं मशीन

लातूरच्या डाळमिलमध्ये दिवसभर चाळण्यांच्या खडखडाटात उभं राहून वैजनाथचे कान इतके निबर झाले होते, की शेजारच्या वरातीतल्या बँडवरही त्याला छान डुलकी लागायची. अशा माणसानं घरात मशीन बांधायला घेतलं, इथंच सगळी गंमत सुरू झाली. मशीन म्हणजे सीएनसी. आपण काँप्युटरवर नक्षी काढायची आणि त्यानं ती लाकडावर कोरायची. चौकट त्यानं स्वतः जोडली, मोबाईलवर व्हिडिओ बघत वायरी ओढल्या, आणि जिन्याखालच्या खोलीत ते धूड उभं राहिलं तेव्हा हा गडी आनंदाच्या भरात जेवायचंच विसरला.

आता फक्त लाकूड कोरणारं तोंड बसवायचं राहिलं होतं, आणि घोडं तिथंच अडलं. एक होता ट्रिम राउटर. सुतार लोक फळ्यांच्या कडा घोळवायला वापरतात ते मुठीत मावणारं यंत्र. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, खिशाला हलकं, कार्बन झिजला की नवा टाकायचा आणि पुन्हा चालू. दुसरं होतं पाण्यावर गार राहणारं स्पिंडल. गुळगुळीत नळकांडं, आवाज जवळजवळ नाहीच. पण त्याला सोबत वेग कमीजास्त करणारा व्हीएफडीचा डबा हवा, पंप हवा, नळ्या हव्यात; नवरीमागं करवल्या याव्यात तसा सगळा लवाजमा. वैजनाथचं मन सकाळी राउटरवर बसायचं आणि संध्याकाळी स्पिंडलवर.

"माज्या टायमाला तुमी पोहे खाता खाता हाव म्हणलाव," त्याची बायको राजकन्या म्हणाली. "आन ह्या नळकांड्याला म्हयना झाला!"

शेवटी नांदेडच्या त्याच्या दोस्तानं, गुरुलिंगनं, त्याची सुटका केली. गुरुलिंगचं फर्निचरचं दुकान आहे. "आधी माझा राउटर लावून बघ, आवडला तर नवा घे," म्हणून त्यानं आपला राउटर हवाली केला. वैजनाथनं बसवला, बटण दाबलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. काय सुरेख आवाज! त्यानं डोळे उघडले तेव्हा दारात चार मुली कानांवर हात ठेवून उभ्या होत्या.

वरच्या खोल्या राजकन्यानं नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना दिल्या होत्या. आसपासच्या सगळ्या गल्लीतच अभ्यास चालायचा. तिथं कुकरची शिट्टीसुद्धा बेतानं वाजायची. मुलींमधली लुंबिनी धर्माबादची. ती रडवेली होऊन म्हणाली, "काकू, डोक्यातलं समदं बॉटनी उडालं की हो."

राजकन्यानं तिथंच निकाल दिला. "येत्या रविवारी पोरींचा सराव पेपर हाय. तुमचं मशीन त्याच टायमाला चालवायचं. येका जरी पोरीला ऐकू आलं, तर सोमवारी टेम्पो बोलावून शिरूरच्या शेतावर पाठविते."

शिरूर अनंतपाळचं शेत म्हणजे पत्र्याची शेड, उंदीर आणि लाईट येईल तेव्हा येईल. तिकडं गेलेलं मशीन परत चालणार नाही, हे वैजनाथला पुरतं ठाऊक होतं. राउटर नांदेडला परत गेला आणि स्पिंडल घरात आलं.

आता गाठ पडली कावेरीबाईशी. वैजनाथची ही माय टँकरमागं घागरी घेऊन धावलेली बाई. आठवड्यानं येणाऱ्या नळाचं पाणी ती तांदूळ धुवायला, मग भांडी विसळायला, मग तुळशीला असं तीनदा वापरायची. मशीनला बादलीभर पाणी लागतं म्हटल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दिसाला किती पितंय ते?"

"पीत न्हाई माय. नुसतं आतून फिरून वापस येतंय."

"आसं कुटं आसतंय का! तुजा बाप बी आसंच सांगायचा, नुसतं फिरून येतो म्हणून."

बादली तिनं आपल्या नजरेसमोर, मागच्या पडवीत ठेवायला लावली आणि पाण्याच्या पातळीला आतून खडूनं रेघ मारली. खोलीतून खिडकीवाटे दोन नळ्या बादलीत आल्या. पाणी खेचायला फवारणी पंपाची नवीकोरी मोटर आत खोलीतच स्टुलावर चढली. पहिल्या चाचणीनंतर कावेरीबाईनं वाकून बघितलं. पाणी रेघेला तस्सं होतं. तिनं बोट बुडवलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आगंबया! कोमट हाय की!"

तेव्हापासून मशीन थांबलं की बादली तिची. पाणी घंगाळात ओतायचं, दुखरे पाय त्यात सोडून सुखानं बसायचं, आणि उठताना सगळं पाणी परत बादलीत.

रविवार उजाडला. वर सराव पेपर सुरू झाला आणि खाली वैजनाथनं लाकडी पाटावर वेलबुट्टी कोरायला लावली. पाट राजकन्यासाठी होता. न्यायाधीशालाच नजराणा देण्याचा बेत होता. लाकूड कापल्याची बारीक करकर होत होती, पण दार लावल्यावर तीही विरून गेली. वैजनाथ अनवाणी जिना चढला, मुलींच्या दाराला कान लावला, मग आपल्या कानांवर विश्वास नाही हे आठवून आणखी घट्ट लावला. सगळं शांत! तो जिन्यावरच दोन पावलं नाचला.

आणि घात त्या शांततेनंच केला. पडवीतल्या कावेरीबाईला काहीच ऐकू येईना. काम उरकलं असं समजून तिनं सवयीप्रमाणं बादली घंगाळात रिकामी केली.

वैजनाथ खाली आला तेव्हा नळ्या कोरड्या बादलीत लोंबत होत्या आणि मोटर हवा गिळत फुर्र फुर्र करत होती. घरात दुसरं पाणी म्हणजे पिण्याचा माठ तेवढा. नळ उद्या येणार.

"माय, पाय काड! मशीन जळल माजं!"

"आत्ता कुटं गुडगा मोकळा व्हायलाय," कावेरीबाई ढिम्म हलली नाही. तिनं हात लांबवून दोन्ही नळ्या उचलल्या आणि घंगाळात, आपल्या घोट्यांपाशी बुडवल्या. "घे. तुज्या मशीनला माज्या पायाचं वावडं हाय का?"

मोटरनं एक ढेकर दिला आणि पाणी चढलं. वैजनाथ धावत आत गेला, स्पिंडलला हात लावून बघितला. तापलं होतं, पण चटका बसण्याइतकं नाही. त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. नक्षी पुरी होईपर्यंत कावेरीबाई पाय न हलवता, एखाद्या मुख्य इंजिनिअरच्या तोऱ्यात बसून राहिली.

पेपर सुटला. वर पहाऱ्याला बसलेली राजकन्या लुंबिनीला घेऊन खाली आली ती थेट पडवीत, आणि सासूच्या पायांपासून खिडकीपर्यंत गेलेल्या नळ्यांकडं बघतच राहिली.

"आजी, काय करायलाव?" लुंबिनीनं विचारलं. "आन काका, आज मशीन लावणार होताव ना? कवा लावताव?"

वैजनाथनं पाट पुढं केला. राजकन्यानं वेलीवरून बोट फिरवलं. लाकडाचा भुसा अजून ऊन होता.

"मशीन शिरूरला जायचं आसंल तर सांग," कावेरीबाई म्हणाली. "म्हंजे मी बी पिशवी भरून ठिवते."

राजकन्यानं फोन काढून आधीच ठरवून ठेवलेल्या टेम्पोवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. मग पाट घंगाळापाशी टेकवला, त्यावर बसली आणि साडी घोट्यांच्या वर धरली.

"आत्याबाई, जरा सरका," ती म्हणाली, आणि तिनं आपलेही पाय पाण्यात सोडले.