भोंग्याच्या वेळेचा पाठ

मी फळ्यावर ‘सुतार’ लिहिलं आणि गिरणीचा भोंगा वाजला. वर्ग उठला. माझ्याकडे न बघता पोरं दाराकडे निघाली!

मी खडू धरून उभाच. मागे एक्झामिनरसाहेब बसलेले. सोलापूरच्या ट्रेनिंग कॉलेजातला माझा हा परीक्षेचा पाठ. पाठ म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन परीक्षकासमोर शिकवून दाखवायचं. यात नापास झालो, तर घरी मेंढरांमागं. निघताना वडिलांनी बजावलंच होतं, “तुजी काठी मी मोडल्याली न्हाय, ध्यानात ठिव.”

दारातल्या एका पोराचा हात धरला. “अरे, कुठं चाललास?”

“बापाला भाकरी न्यायची हाय गिरणीत. रोजच जातो की! आमचं मास्तर सोडत्यात.”

घ्या! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘शिक्षण आणि समाज’ हा विषय प्रिन्सिपॉलसाहेबांनी वर्षभर घोकून घेतला होता. शाळेनं समाजाची गरज ओळखावी, म्हणे. मग भाकरी ही गरज नव्हे? पण वर्गशासनाला, म्हणजे पोरं जागेवर बसवून ठेवण्याला, वेगळे गुण होते. दार लावू की सोडू? डोकं पार चक्रावलं. शेवटी पोराचा हात सोडला. कुणाचा बाप उपाशी ठेवून पास व्हायला माझं मन धजेना.

वर्गात उरली व्यापाऱ्यांची दोघं-तिघं.

“पाठ पुरा करा,” साहेब म्हणाले.

“साहेब, वर्ग तर गेला.”

“हे बसलेत ना? चालू द्या.”

चालू दिलं. गावातली माणसं एकमेकांच्या उपयोगी कशी पडतात, हा विषय. पोरं हाताची घडी घालून गप्प. संपलं आपलं, असंच वाटत होतं.

निकालाच्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून शेरा वाचला, “वर्गात पूर्ण शांतता. शिस्त उत्तम. पास.”

आनंदानं डोळे भरून आले. तरी राहवेना. “साहेब, पण पोरं तर निघून गेली होती...”

“गप्प बसा हो! पास झालात ना?”

पुढे जन्मभर मास्तरकी केली. तो शेरा काही मला उलगडला नाही. एवढंच कळलं, की समाज वर्गातून उठून गेला, की शिस्त आपोआप लागते.