घामाचा शेड

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर थुंकणारा माणूस. आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट... बी.एस्सी., केमिस्ट्री, तेही फर्स्ट क्लास. वडील सुरतेत उधन्याला लूम चालवायचे, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, आणि त्याच एका खोलीत मी शिकलो. चौकात कुणी उतारा टाकलेला दिसला की त्यातला नारळ उचलून घरी आणायचो आणि खोबरं खायचो. त्यामुळे पुढचं वाचून मला अडाणी ठरवायची घाई करू नका.

१९९५ ची दिवाळी. मी तेव्हा सुरतबाहेर कडोदऱ्याच्या एका प्रोसेस मिलच्या लॅबमध्ये होतो. पॉलिस्टर साड्या रंगवायची मिल. माझं काम शेड जुळवायचं — व्यापारी कापडाचा तुकडा पाठवणार, आम्ही हुबेहूब तसा रंग बसवून द्यायचा. लॅब वरच्या मजल्यावर, रंगाच्या मशीनशी माझा संबंध नाही. हातमोजे, कोट, सगळं वापरायचो.

नवरात्रात आम्हाला मुलगी झाली होती, वैशाली. एका रविवारी आंघोळ करून आलो आणि तिला उचललं. खाली ठेवली तर तिच्या पांढऱ्या झबल्यावर दोन्ही बाजूंना हिरवे ओले पट्टे.

"हात तरी धुवून घ्यायचे होते!" सुनंदा, माझी बायको, ओरडली.

"आत्ताच आंघोळ केलीय मी."

बनियन काढून पाहिली. काखेत हिरवं. घाम हिरवा येत होता... आणि त्याला वास! आठवडाभर बुरशी धरलेल्या डाळीसारखा.

त्यानंतर ते रोजचं झालं. उशी हिरवी, कॉलर हिरवी. भाकरी मोडली की भाकरीवर बोटांचे ठसे उठायचे. आई माझं ताट वेगळं घासायला लागली. "माय वं! हाऊ घाम शे का रंग शे?" म्हणत ती पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून, "भगतकडे चाल, भाऊ." मी गेलो नाही. झाडफूक करणाऱ्या भगताकडे जायला बी.एस्सी. केलं नव्हतं.

डॉक्टर मात्र सहा केले. पाच जणांनी नुसतं "मिलमध्ये आहात ना? मग रंग लागणारच," म्हणून मलम दिलं. सहावा स्किन स्पेशालिस्ट. त्याने विचारलं, "कलर कैसा है?"

"बॉटल ग्रीन. थोडा येलो टोन. दो परसेंट का शेड समझो."

त्याने पेन खाली ठेवलं. "भाई, तुम पेशंट हो या कपडे के दलाल?"

रक्त तपासलं, लघवी तपासली, कातडीचा तुकडा काढून मुंबईला पाठवला. सगळं नॉर्मल. शेवटी म्हणाला, मनावर घेऊ नका. म्हणजे माझ्या पोरीच्या झबल्यावरचा डाग माझ्या मनातून आला होता!

मग मी माझ्या पद्धतीने तपासलं. आमच्याकडे हायड्रो नावाची पावडर असते, रंग उडवायची. कॉस्टिक सोड्याबरोबर उकळलं की आमच्या मिलचा रंग सुती कापडावरून साफ निघतो. मी माझी सुती बनियन उकळली. डाग तसाच. दोनदा, तीनदा... तसाच. याचा अर्थ तो मिलचा रंग नव्हता. पण बाजूला मिलचं शेडकार्ड धरलं तर दिवाळीपासून मोठ्या ऑर्डरीसाठी मशीनवर चाललेल्या बॉटल ग्रीनशी तसूभरही फरक नाही.

आमचे डाईंग मास्टर नगीनभाई बनियन बघून खो खो हसले. "पाटील, तमे तो पोते ज सॅम्पल थई गया!"

मीच सॅम्पल झालोय म्हणे. मीही हसलो. आणि घरी जाऊन जे कोणीही शहाणा करणार नाही ते केलं — बनियनवर चाललं नव्हतं तरी हायड्रो काखेत चोळलं. कातडी सोलून निघाली. त्या लाल मांसातूनही हिरवाच घाम पाझरला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुनंदा पोरीला घेऊन माहेरी गेली, खानदेशात अमळनेरजवळ. मीही महिन्याची रजा काढून मागोमाग गेलो. मिलपासून दूर राहिलं की थांबेल, आणि पोरीला धड एकदा मांडीवर घेता येईल, एवढीच आशा होती. सात महिन्यांची झाली होती ती आणि मी तिला लांबून बघत होतो.

नवव्या दिवशी घाम बदलला. मरून. रक्तासारखा नाही, मरूनच. मला फरक कळतो.

स्टँडवरच्या एसटीडीतून नगीनभाईंना फोन लावला आणि आज मशीनवर कुठला शेड आहे ते विचारलं. "आजे कयो शेड चाले छे?"

"मरून. काल थी मरून ज. केम?"

मी फोन ठेवून दिला. पुढे तीन वेळा असंच ताडून पाहिलं. फिरोजी, राणी, परत मरून. तिन्ही वेळा बरोबर. सव्वादोनशे किलोमीटरवर ते मशीनमध्ये जो रंग घालत होते तो माझ्या काखेतून येत होता. सुनंदाला सांगितलं. त्या दिवसापासून तिने पोरीची गोधडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवली.

राजीनामा दिला. घरात एकच पोरगा शिकून लॅबमध्ये लागलेला, त्याने राजीनामा दिला! वडील महिनाभर बोलले नाहीत. मी उधन्याला केमिस्ट्रीच्या शिकवण्या धरल्या, काळे शर्ट घालायला लागलो. घाम येतच राहिला. दोन वर्षं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये एक दिवस बनियन पांढरी निघाली. दुसऱ्या दिवशीही पांढरी. आठवडाभर वाट पाहिली. मग वाटलं, मिल बंद पडली असणार. उत्तर सापडलं म्हणून कडोदऱ्याला धावत गेलो.

मिल जोरात चालू होती. नेव्ही ब्लूचा मोठा लॉट चालला होता. नगीनभाईंनी चहा पाजला आणि विचारलं, "हवे केवुं छे?" आता कसं आहे. मिलचाच रंग अंगातून येतो, हे एक उत्तर माझ्याजवळ होतं, तेही त्या दिवशी गेलं.

घरी येऊन पांढरा शर्ट घातला. अडीच वर्षांच्या वैशालीला म्हटलं, "ये, बाबांकडे ये."

ती उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग आत गेली आणि एक काळं फडकं घेऊन आली. सुनंदाच्या जुन्या परकराचं. पोर मांडीवर बसायचा हट्ट धरायला लागल्यापासून सुनंदा आधी ते माझ्यावर पसरायची. वैशालीने ते माझ्या मांडीवर पसरलं, कोपरे नीट ओढले, एक टोक माझ्या छातीवर खोचलं आणि मग बसली. तिच्या लेखी बापाच्या मांडीवर असंच बसायचं असतं.

सुनंदा म्हणाली, "काढा ना ते आता."

पण आलं कशामुळे ते कळलं नव्हतं, गेलं कशामुळे तेही नाही. उद्या परत येणार नाही असं कुठल्या तोंडाने सांगू? आजही सांगता येत नाही. मी फडकं काढलं नाही.