कागदावर मी मेलेला

"ओ आजोबा, बाजूला व्हा. फोटोत येताय."

बोलणारा माणूस माझ्या बायकोच्या घोंगड्यावर उभा हुता. पायात बूट. काळे, चकचकीत. घोंगडं फरशीवर सतरंजीगत पसरलेलं, आणि त्याचा एक कोपरा ह्याच्या टाचेखाली. त्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ. ती गाठ आमच्या घरची. सूत काढणारीनं स्वतःच्या हातानं मारलेली.

मी बाजूला झालो. खरं ते सांगतो. त्या वक्ताला मी गप बाजूला झालो.

आमी घोंगडी विणणारी माणसं. मी खड्ड्याच्या मागावर बसून विणायचो, बायको चरख्यावर लोकरीचं सूत काढायची आणि चिंचोक्याची खळ शिजवायची. खळ लावल्याबिगर सूत मागावर टिकत न्हाय, पटापटा तुटतंय. घोंगड्यावर आमी देव मांडतो. नवरा-नवरी बसवतो. रांगतं पोरगंबी चप्पल घेऊन वर चढलं तर आय त्याच्या पाठीत धपाटा घालती. आणि ह्यो विद्यापीठातला सर बूट घालून फोटो काढून घेत हुता.

शनिवारचा दिवस. विद्यापीठाचा मोठा हॉल. सगळ्या विषयांची पोरं आपापलं संशोधन मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावून उभी. रसायनवाला इतिहासवाल्याला समजावतोय, इतिहासवाला गणितवाल्याला. दारातला वॉचमन मला म्हणाला, "डिलिव्हरी मागच्या दारानं." मी म्हणालो, "मीच डिलिव्हरी हाय, सोड." त्यानं सोडलं.

मी तिथं बायकोचा आवाज आणाय गेलतो.

बायको जाऊन तीन महिनं झालतं. घरात तिचा एक फोटो हाय, आधारकार्डावरचा मोठा करून घेतलेला. पण फोटो बोलत न्हाय. माझा मोबाईल बटणाचा. त्यात कुणाचा आवाज राहत न्हाय. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी हुता. त्या पोरीच्या मोबाईलात.

पोरगी आमच्या घरी दोनदा आलती. दोन्ही टायमाला मी पेठ वडगावच्या बाजारात. सांच्याला आलो की बायको सांगायची, "विद्यापीठातली पोरगी आलती. लई गोड बोलती. माझं बोलणं मोबाईलात भरून घेतलं, आणि मलाच ऐकवलं. मी अशी बोलती व्हय ओ? म्हशीवाणी?" आणि आपली आपणच हसायची. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "एक घोंगडं न्हेलंय तिनं, सरांना दावाय. आणून देती म्हणाली." घोंगडं काय परत आलं न्हाय. बायको तापानं पडली आणि गेली.

मग पोरीचा फोन आला. मी उचलला. "आज्जी आहेत का? शनिवारी आमचं प्रदर्शन आहे. त्यांना घेऊन या ना, सर खूश होतील."

मी नुसतं "बरं" म्हणालो. ती गेली हे फोनवर सांगवंना.

तर मी बाजूला झालो आणि कागद वाचाय लागलो. माझी शाळा चौथीपातूर. वाचतो, पण बोट फिरवत. वर मोठ्या अक्षरात पोरीचं नाव. खाली सरांचं. त्याखाली 'चिंचोक्यापासून खळ बनवण्याची नवी पद्धत', आणि चिंचोकं किती, पाणी किती ह्याचं ग्रॅममधलं प्रमाण. नवी! माझ्या आज्ज्याच्या आयनं केलेली खळ, म्हणं नवी. मधी एक फोटो. तोंड न्हाय, नुसतं हात. चिंचोकं सोलणारं हात. मी ते हात कुठंबी वळखीन. आणि फोटोखाली बारीक अक्षरात, 'माहिती देणारी: एक वृद्ध अशिक्षित विधवा.'

मी दोनदा बोट फिरवलं.

शेजारच्या भिंतीवर एका पोरानं कळंब्याच्या तळ्यातल्या माशांवर कागद लावलता. त्यात जाळं टाकून मासं धरून देणाऱ्या माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं लिवलतं. मी तेबी वाचलं. म्हंजे लिवता येतंय. न लिवायचं असतंय तेव्हाच लिवत न्हाईत.

मेजावर कानाला लावायचं यंत्र ठेवलतं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं ऐकाय. मी ते कानाला लावलं.

"आज्जी, चिंचोके किती घ्यायचे?"

"अंदाजानं गं. सकाळी लोकरीला हात लावायचा. हवा वली असली तर खळ घट्ट करायची, कोरडी असली तर जरा पातळ."

"पण किती? वजन?"

"वजन काय? हाताला इचार की."

"बरं, तुमच्या मालकांचं नाव सांगा. फॉर्मवर लागतं."

मग ती हसली. आधी नाकात, मग तोंडानं. चाळीस वर्सावर ऐकलेलं हसणं. "न्हाय बाई घेत आमी नाव. तू फुडं इचार."

मी ऐकत खाली बसलो, तर बुडाखाली तिचंच घोंगडं.

पोरगी आली. पांढरा ड्रेस, गळ्यात कार्ड. घोंगड्यावर बसलेला बघून तिनं वळखलं, फोन उचललेला म्हातारा ह्योच. "आजोबा, आज्जी कुठायत?"

म्हणालो, "पोरी, ह्यात विधवा कोण लिवलंय?"

"त्या आज्जीच. नवऱ्याचा रकाना रिकामा होता ना. सर म्हणाले, मग विधवा लिहून टाक."

"फोटोत हातात हिरव्या बांगड्या हायत की."

तिनं फोटोकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितल्यागत. "अय्या, हो. रंग छान येतो म्हणून तोच फोटो घेतला."

"तिचा नवरा मी. आणि ती मेली. तीन महिनं झालं."

सर ते ऐकून जवळ आला. माझ्याकडं न बघता पोरीला म्हणाला, "मग संमतीपत्र?"

माझी बायको मेल्याचं ऐकून त्या माणसाच्या तोंडातनं निघालेला पहिला शब्द हाय ह्यो. तसाच लिवतोय.

भाईरगावास्नं आलेल्या एक परीक्षक बाई एकेक कागद तपासत निघाल्या हुत्या. प्रत्येकाला इचारत हुत्या, ज्यांच्याकडनं माहिती घेतली त्यांची लेखी परवानगी कुठाय? आमच्यापास्नं तीन कागद लांब हुत्या. सरानं पिशवीतनं फॉर्म काढला. तारीख मागची घातली, ती जित्ती असतानाची. "आजोबा, अंगठा द्या."

"मला सही येती."

"मग सही करा. लवकर."

पोरगी कानाशी आली. "करा ना आजोबा. मी आज्जींचं सगळं बोलणं तुम्हाला कार्डावर भरून देते. आत्ताच."

मी पेन घेतलं. त्या आवाजासाठी मी कशावरबी सही केली असती. माझ्या मरणाच्या कागदावरबी. आणि फॉर्मवर बघतो तर तसंच लिवलेलं. 'पती: मयत.'

"ओ, ह्यात तर मी मेलोय. मेलेल्यानं सही कशी करायची?"

सर वैतागला. "भिंतीवर छापून झालंय, आता बदलता येत नाही. तुम्ही भाऊ म्हणून सही करा. तिचा भाऊ. कोण बघतंय?"

भाऊ.

जिच्यासंगं संसार केला तिचा भाऊ. आमच्या गल्लीत हे कुणी बोललं असतं तर त्याचं दात मोजाय लागलं असतं. इथं त्यो गळ्यात कार्ड घालून बोलला. हसून बोलला. पोरगीबी हसली. तिला त्यात काय वंगाळ हाय तेच कळालं न्हाय.

मी पेन त्याच्या बुटावर फेकलं.

"बाई!" मी वरडलो. परीक्षक बाई वळल्या. "बाई, ह्या फोटोतल्या हाताचा मालक मी. जित्ता हाय. माझ्या बायकोला ह्यांनी जित्तेपणी रांडाव केली, आणि आता मला तिचा भाऊ म्हणून सही कर म्हणत्यात. मागची तारीख घालून."

बाई जवळ आल्या. फॉर्म हातात घेतला, वाचला. मग मला म्हणाल्या, "बाबा, तुमच्या पत्नीचं नाव काय?"

आणि तवा माझ्या ध्यानात आलं. तिनं माझं नाव कधी घेतलं न्हाय. पण मीबी तिचं कुठं घेतलं? जलमभर 'अगं', 'ऐकतीस का', 'आत हाईस का'. मातीत ठेवतानाबी नाव घेतलं न्हाय. ह्यांनी लिवलं न्हाय ते लिवलं न्हाय, पण मी तरी कुणाला सांगितलतं?

"बाळव्वा," मी म्हणालो. मग अजून जोरात. "बाळव्वा! खळ तिची. सूत तिचं. ह्या कागदावर तिचं काय न्हाय ते फकस्त ह्यांचं प्रमाण. ते पोरीनं मनानं घातलंय. बाळव्वानं प्रमाण सांगितलंच न्हाय. ऐका, ह्या यंत्रात हाय."

बाईंनी ऐकलं. उभ्यानं, पूर्ण. मग कागद भिंतीवरनं उतरवाय सांगितला. पोरगी रडाय लागली. मला वाईट वाटलं न्हाय. आजूनबी वाटत न्हाय.

सराला म्हणालो, "पाय उचला." त्यानं उचलला. मी घोंगडं झटकलं, त्याच्याच अंगावर धूळ उडंल असं झटकलं, आणि खांद्यावर टाकून निघालो. मागनं पोरगी रडत वरडली, "आता आवाज विसरा!"

विसरलो न्हाय. पण मागितलाबी न्हाय.

महिन्याभरानं सर माझ्या दारात. हातात पेढ्याचा पुडा. त्याची खळ बसत न्हाय, सूत तुटतंय. "आजोबा, झालं गेलं सोडा. प्रमाण तेवढं सांगा. आज्जींच्या नावाचं नंतर बघू." आणि मोबाईल फुडं धरून त्यानं तिचा आवाज लावला. माझ्याच उंबऱ्यावर. "अंदाजानं गं. सकाळी लोकरीला हात लावायचा..."

तीन पावलांवर तिचा चरखा. घरात तिचा आवाज आला. मागावर हात टेकून उभा राहिलो. सर बघत हुता. त्याला वाटलं, जमलं.

म्हणालो, "बंद करा."

"ऐका तरी."

"बंद करा. ती सांगून गेलीय ते तुमाला कळत न्हाय, आणि मी सांगणार न्हाय. तुटूदे तुमचं सूत. रोज तुटूदे." पेढ्यासकट त्याला भाईर ठेवून दार लावून घेतलं. दाराच्या पलीकडं मोबाईलात ती हसली, आधी नाकात, मग तोंडानं, आणि मग गल्लीतनं लांब गेली. मी दार उघडलं न्हाय.

आता खळ मी शिजवतो. पहिल्या चार खेपा करपल्या. पाचवी जमली. माग चालू केलाय. काळ्या लोकरीत पांढऱ्या सुतानं अक्षरं घालतोय, वीतभर उंचीची एकेक. 'बाळव्वा' पुरं झालंय. त्याखाली माझं नाव, आणि त्याफुडं 'जित्ता'. फुडल्या वर्सी त्या हॉलात पुन्हा कागद लागतील. मी हे घोंगडं घेऊन जाणार, बोलावलं न्हाय तरी. भिंतीला खिळा मी ठोकणार. आणि प्रत्येक कागदाफुडं उभा राहून इचारणार, ह्यातलं कुणाकडनं घेतलंस, त्याचं नाव कुठाय?

कागद उतरवाय दोन मिनिटं लागली. माझं घोंगडं उतरवून दावा.