अस्तर सहा मिलिमीटर

बोरी अरब गावच्या बाजारगल्लीत दीपा ब्लाउज शिवायची. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि नवं शिवायला कुणी येईना. बाया जुनेच ब्लाउज उसवून ढिले करून घेत.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी टेस्ट ट्यूबचा उपाय केला, पण अंडी काढताना दीपाचे हार्मोन इतके चढले की पोट फुगून नगारा झालं. तेव्हा बाईंनी तयार झालेले दोन गर्भ गोठवून ठेवले. शरीर शांत झालं की पाहू, म्हणाल्या.

दोन महिन्यांनी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायला हवं होतं. बाराव्या दिवशी सोनोग्राफी केली, तर अस्तर सहाच मिलिमीटर.

नवरा श्रावण आणि सासू तुळसाबाई सोडून गावात कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला तेव्हा, दुकानात ब्लाउज टाकायला आलेली नंदाबाई बसलेली असतानाच, दीपा बिनधास्त बोलली.

"हो ताई, अस्तर पातळच आहे. आठ पाहिजे? बरं, गोळ्या वाढवते. तीन पदरी दिसलं पाहिजे, हो."

"कायचं अस्तर वं?" नंदाबाईनं विचारलं.

"यवतमाळच्या गिऱ्हाईकाचं."

"अन् गोळ्या कायच्या?"

"डांबरगोळ्या. कापडाले कसर लागत नाही."

नंदाबाईनं जरा विचार केला. "मंग माह्या ब्लाउजले बी तेच लाव. तीन पदरी."

लावावं लागलं. पुढे एप्रिलात ती ते घालून भाचीच्या लग्नाला गेली आणि घामानं निथळत परतली. पण शिलाई दणकट आहे, हे तिनं चार जणींना सांगितलं.

इकडे तुळसाबाई सुनेला रोज डिंकाचे लाडू चारत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खा, पण अस्तर त्यानं वाढत नाही. सतराव्या दिवशी ते साडेआठ भरलं, तिन्ही पदर स्वच्छ. मग दुसऱ्या हार्मोनच्या कॅप्सुला सुरू झाल्या आणि सहाव्या दिवशी एक गर्भ आत सोडला. परतताना श्रावणनं ओळखीच्याकडून मागून आणलेला ऑटो इतका हळू हाकला की मागची बैलबंडी पुढे निघून गेली. "जोरात न्यायला काही हरकत नाही, बाई म्हणाल्या," दीपा म्हणाली. त्यानं ऐकलं नाही.

दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला. दीपानं आकडा मापांच्या वहीत लिहून घेतला.

"काय म्हणे?" तुळसाबाईनं विचारलं.

"दोनशे बारा."

श्रावणचा चेहरा उतरला. "इतके?"

"दिवस राहिल्याचं हार्मोन हाय ते. पोरगं एकच."

मग तिघंही हसत सुटली, आणि हसता हसता तुळसाबाई रडायला लागली.

मुलगी झाली. नामकरणाला दीपानं सगळी हकिकत उघड सांगून टाकली. तेव्हापासून मापं द्यायच्या निमित्तानं बाया येतात आणि हळूच भलत्याच अस्तराचं विचारतात. मूल नसलेल्या लालीबाईला तर दीपा स्वतः यवतमाळला घेऊन गेली, मुलीला सासूच्या मांडीवर ठेवून.