छपराखालचं डुक्कर

लंडनच्या पिनर भागातल्या चायनीज टेकअवेचा म्हातारा दर शुक्रवारी माझ्या मुलीला एक चिनी अक्षर शिकवायचा. मराठी बाराखडीपुढे पाच मिनिटं न बसणारी ती तिथे वीस मिनिटं हलत नसे.

एकदा त्याने कागदावर छप्पर काढलं, खाली डुक्कर. “म्हणजे घर. आम्ही ‘ज्या’ वाचतो, जपानी ‘इए’, कोरियन ‘गा’. घर सगळ्यांना कळतं.”

“बाबा, आपल्या घरात पिग कुठंय?”

“तुझी खोली बघ,” मी म्हणालो.

ती त्याच्याकडे बघून हसली. मला त्याचा हेवा वाटला.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम एकटाच गेलो. काउंटरवर कागद-पेन्सिल तयार होती.

“तिला ताप आलाय,” मी खोटं बोललो.

त्याने माझ्या पिशवीत सूपचा एक जास्तीचा डबा ठेवला. “तिच्यासाठी,” म्हणाला.